वाटी उलटी करून बघणारे काका

काकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करत. वाटी असो, खुर्ची असो, नाहीतर कोणाच्या मुलाने वाढदिवसाला मिळालेली म्हणून कौतुकाने दाखवायला आणलेली खेळण्यातली गाडी असो. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात मराठी घरांत पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बोलावलं की शहाण्या बायका काकांचं श्रीखंड वाटीत भरूनच त्यांच्यापुढे ठेवत. रिकामी वाटी हातात गेली की संपलं. ती उलटी व्हायची, काठावरून अंगठा फिरायचा आणि मग सगळ्या बेसमेंटला ऐकू जाईल असा शेरा यायचा, "प्रेसची डाय झिजलीय. काठाला बर आहे, हात लावून बघा."

बर म्हणजे धातू कापताना काठावर राहून गेलेला खरखरीत कण. काकांमुळे नोव्हायमधल्या बऱ्याच गृहिणींना हा शब्द माहीत झाला होता आणि तो त्यांना आवडत नव्हता.

"काका, व्हाय डू यू फ्लिप एव्हरीथिंग?" एका मुलाने एकदा विचारलं.

"बिकॉज नोबडी एल्स डज, बेटा," काका म्हणाले आणि त्याची गाडी उलटी करून एक चाक वाकडं असल्याचं त्याला दाखवून दिलं. पोरगं रडत आईकडे गेलं.

गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या एका कंपनीत काका इन्कमिंग इन्स्पेक्शनचे प्रमुख होते. बाहेरून आलेला माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ते ठरवत. लोक म्हणत, काका ऑफिसचं काम घरी आणतात. मला ते पटत नसे. त्यांनी घरची खोड ऑफिसला नेली होती आणि कंपनी त्यांना त्याचा पगार देत होती, एवढंच. काकूंचा पुरावा पक्का होता. "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे मान वर करून पाहिलंच नाही यांनी. पोह्यांची बशी उलटी करून बघत बसले. पोहे संपवून केली, एवढी तरी अक्कल."

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते आणि त्याच कंपनीत, तपासणीच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर कॉन्ट्रॅक्टवर काम करत होते. दोन हजार पाच-सहाचा सुमार. मी इचलकरंजीची. आमच्या घरातून रद्दीत वर्तमानपत्रं कमी आणि पत्रकं जास्त जायची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचं काम करत, आणि मी वाचायला शिकले ते 'कामगार बंधू-भगिनींनो' या मायन्यावर. त्यामुळे नोव्हायला उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल मतं होती. काका मला कॉम्रेड म्हणत. सकाळी मी जिना चढून चहाला वर गेले की पहिला प्रश्न, "काय कॉम्रेड, आज कोणाचा निषेध?"

आमचं जमायचं ते एका गोष्टीवर. गोष्ट एकतर बरोबर असते किंवा चूक, असं आम्हा दोघांनाही वाटे. माझ्याजवळ त्यासाठी सिद्धांत होता, त्यांच्याजवळ मायक्रोमीटर.

आता भावोजींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय काकांची गोष्ट अर्धीच राहते. भावोजी जपानी होते. ज्या जपानी कंपनीकडून आमच्याकडे ब्रेकचे भाग यायचे, तिचे प्रतिनिधी म्हणून ते बायकोमुलांना गावी ठेवून नोव्हायला आले होते आणि काकांपासून दोन घरं सोडून राहत. त्यांना भावोजी म्हणायला सुरुवात काकूंनी केली, आणि त्यांनीही काकूंना वहिनी म्हणून तो हिशेब चुकता केला. दर रविवारी ते पिठलं-भात जेवायला येत. जेवण झालं की दोघं मित्र गॅरेजमध्ये जाऊन कसलं तरी यंत्र उघडत आणि इंग्रजीत भांडत. काकांचं इंग्रजी रत्नागिरीचं, भावोजींचं नागोयाचं. काकू म्हणत, "एकमेकांचं निम्मं कळत नाही म्हणून टिकलंय."

मग एका हिवाळ्यात भावोजींच्या कंपनीकडून ब्रेकच्या आत बसणाऱ्या, नाण्याएवढ्या चकत्यांचा लॉट आला. काकांनी उलटा करून पाहिला. काठाला बर. त्यांनी पूर्ण लॉटला लाल टॅग लावला, म्हणजे सगळा माल नापास. आमची लाइन बंद पडली, जपानहून फोन सुरू झाले, आणि त्या गदारोळात भावोजींना मुदतीआधीच परत बोलावून घेतलं गेलं.

याबद्दल माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही आहे. ब्रेकमध्ये खराब चकती जाऊ देणं हा गुन्हा आहे, मग ती मित्राची का असेना. काकांनी केलं ते बरोबरच केलं. पण भावोजी निरोप घ्यायला आले त्या संध्याकाळी काका खाली माझ्या बेसमेंटमध्ये उतरले आणि कपडे वाळवायच्या ड्रायरची जाळी साफ करायला लागले. जाळी मी सकाळीच साफ केली होती.

"काका, भावोजी आलेत वर."

"ऐकू येतंय मला."

"तुम्ही बरोबर होतात. मग लपताय कशाला?"

"लपतोय कुठे? जाळी बघतोय."

"मग वर जाऊन तोंडावर सांगा की त्यांना!"

"तू जरा गप्प बस गं कॉम्रेड," काका म्हणाले. असं ते मला कधी बोलले नव्हते. डोक्यावर भावोजींच्या पायांचे आवाज येत होते. काकूंनी दोनदा हाक मारली. मग दार लागल्याचा आवाज आला. काकांनी जाळी परत बसवली, ती उलटी बसवली, आणि वर गेले.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं भावोजींचं नाव त्या घरात निघालं नाही. रविवारी पिठलं व्हायचं, पण काका त्यात खोड काढेनात, आणि हे लक्षण काकूंना मुळीच आवडत नव्हतं.

अशात नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी कंपनीने काकांना आणि मला नागोयाला पाठवायचं ठरवलं. ऑक्टोबर संपत आला होता. काकूंनी विमानप्रवासाच्या साठवलेल्या माइल्सवर आपलंही तिकीट काढलं. आणि काकांनी जाहीर केलं की काम झाल्यावर आठवडाभर रजा घेऊन आपण भाड्याच्या गाडीने खेड्यापाड्यांतून हिंडायचं. "कारागिरी आणि खाणं. रूरल जपान, बाय रोड." जेवणाच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. इथे कुंभार, इथे चेस्टनटची मिठाई, इथे लाखेची भांडी. "आणि शेवटी डोंगरात एक पर्सिमनचं गाव."

"पर्सिमनचं फळ कधी तोंडात तरी घातलंय का तुम्ही?" काकू म्हणाल्या. "ते भावोजींचं गाव, ते आता तिथेच राहतात, एवढं सरळ सांगा की."

"ते रस्त्यातच आहे."

"जपानात सगळंच कुठल्या ना कुठल्या रस्त्यात आहे. आधी फोन करा त्यांना."

काका नकाशाची घडी घालायला लागले. "फोनवर नको म्हणाला तर?"

तेव्हापासून तिघांनाही माहीत होतं की ही सहल कारागिरीची नाही, खाण्याची नाही. हा माणूस एका दारापर्यंत जायला निघालाय, आणि ते दार उघडेल की नाही हे त्याला माहीत नाही.

गाडी मी चालवली. जपानात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. मिशिगनमध्ये पाव शतक उजवीकडून गाडी हाकलेल्या काकांच्या हाती स्टिअरिंग द्यायला काकू तयार नव्हत्या. मला इचलकरंजीहून येऊन तीनेक वर्षंच झाली होती, माझी डावी बाजू अजून शाबूत होती. काका शेजारी बसून प्रत्येक वळणावर "राइट, राइट!" ओरडत आणि पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. गाडीतली नकाशाची बाई जपानीत सूचना द्यायची. तिला मात्र काका मान लववून "हाय, हाय" म्हणत, म्हणजे "हो, हो". "माझं ऐकत नाहीत," मागून काकू म्हणाल्या, "त्या बाईचं बघ कसं ऐकतात." काकूंच्या मांडीवर मेतकुटाचा डबा होता. तो त्यांनी विमानातही खाली ठेवला नव्हता.

पहिल्याच कुंभाराकडे मी धास्तावले होते. म्हातारा कुंभार, अंधारी शेड, आणि त्याने दोन्ही हातांनी अदबीने पुढे केलेला चहाचा कटोरा. काकांनी चहा संपवला आणि कटोरा उलटा केला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर कुंभार हसत पुढे सरकला होता आणि बुडाच्या कड्यावर बोट ठेवून काहीतरी समजावून सांगत होता. पुढे कळलं की तिथली रीतच ती आहे. चहा पिऊन झाला की कटोरा उलटा करून बूड पाहायचं, नाहीतर घडवणाऱ्याला वाटतं, याला काही कळलं नाही. नोव्हायमध्ये ज्या खोडीपायी काकांना तीन घरांनी बोलावणं बंद केलं होतं, त्याच खोडीपायी इथे त्यांना दुसरा कटोरा भरून मिळाला.

"बघा," काका काकूंना म्हणाले. "मी चुकीच्या देशात राहतोय."

"मग राहा इथेच," काकू म्हणाल्या. "मेतकूट मी परत नेते."

माझं म्हणाल तर, मला या कारागिरी-पर्यटनाबद्दल मुळातच राग होता. माणसाच्या बोटांचे फोटो काढायचे, 'किती सुंदर' म्हणायचं आणि त्याला दिवसाकाठी काय सुटतं हे विचारायचं नाही, याला मी कौतुक म्हणत नाही. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी तेच विचारायचं ठरवलं होतं. "काका, विचारा ना, इथे मदतनिसाला मजुरी किती?" काकांना कामापुरतं जपानी येई. ते विचारत आणि समोरचा माणूस खूश होऊन वाकून नमस्कार करी. तिसऱ्या दुकानात मला शंका आली.

"तुम्ही नक्की काय विचारताय?"

"मी सांगतोय की ही मुलगी म्हणते, फार सुंदर आहे."

"काका!"

"अगं, मजुरीचा शब्द मला येत नाही."

काकूंनी त्यांना गाडीत बसवून तो शब्द नकाशाच्या पुस्तकामागच्या शब्दसूचीतून शोधायला लावला. पुढच्या गावातल्या, लाकडाच्या थाळ्या कातणाऱ्या माणसाला काकांनी खरोखर विचारलं. तो बराच वेळ बोलला. काका ऐकत राहिले. "तो म्हणतो, मजुरी देईन, पण घेणारा कुठे आहे? मुलगा नागोयाला गाड्या जोडतो."

"म्हणजे आपल्यातच की," काकू म्हणाल्या.

मी त्याची एक थाळी घेतली. आजही तिच्यात जेवते आणि आजही माझा तो राग कायम आहे.

खाण्याच्या बाबतीत काकू कडक परीक्षक. डोंगरातल्या एका टपरीवर कुटलेल्या भाताचा गोळा काडीला थापून, वर अक्रोड-तिळाची चटणी लावून निखाऱ्यावर भाजत होते. काकूंनी मत दिलं, "भात कालचा आहे, पण चटणीला नाव ठेवायला जागा नाही." चेस्टनटची मिठाई म्हणजे कुस्करलेल्या फळाचा कापडात आवळून केलेला लाडू. तो त्यांनी डोळे मिटून खाल्ला. "बेसनाशिवाय बेसनाचा लाडू." हा त्यांच्याकडचा सर्वोच्च सन्मान होता. काकांनी उरलेला लाडू उलटा करून बघितला. चक्क काहीच बोलले नाहीत. जसजसं भावोजींचं गाव जवळ यायला लागलं, तसतसे ते गप्प होत चालले होते.

आणि मग लाखेचं गाव आलं. तिथे भांड्यांवर देतात ती लाख म्हणजे एका झाडाचा चीक. दुकानाच्या मागे एक कारागीर बाई वाटीला ब्रशने तो काळसर चीक लावत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला हातानेच लांब राहायला खुणावलं आणि आपल्या मनगटावरचे जुने डाग दाखवले. काका त्या डब्यावर वाकले, वास घेतला आणि एकदम रत्नागिरीला पोचले.

"अगं, हा बिब्बा! आपला बिब्बा! धोबी कपड्यांवर खुणा करायचा तो!"

"मग लांब व्हा," काकू म्हणाल्या. "उतेल."

"मला? लहानपणी बिब्ब्याने मी सगळ्या वाडीच्या शर्टांवर नावं घातली. कधी काही झालं नाही." आणि तपासायची वस्तू समोर आहे म्हटल्यावर काका दुसरं काय करणार? त्यांनी त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चीक चोळून पाहिला आणि "उत्तम. एकसारखा आहे," असा निकाल दिला. त्या बाई किंचाळल्या. त्यांनी धावत जाऊन तेल आणलं, काकांचं बोट पुसलं. पण तोवर काकांनी उन्हाने डोळे दिपले म्हणून ते चोळून घेतले होते.

दोन दिवसांनी सकाळी काका खोलीबाहेर आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. चेहरा पुरीसारखा टम्म फुगला होता, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. बिब्बा उतला होता. इतक्या वर्षांत मिशिगनमध्ये त्यांची कोकणी कातडी काय विसरली होती, ते त्या झाडाने त्यांना दाखवून दिलं. काकू लगेच कामाला लागल्या. बिब्ब्यावर उतारा तीळ-खोबरं. तीळ जपानात पावलोपावली. खोबरं कुठेच नाही. म्हणून त्यांनी काकांच्या तोंडात तीळ कोंबले आणि स्वतःच्या डोक्याचं खोबरेल त्यांच्या तोंडाला फासलं. औषधाच्या दुकानातल्या माणसाने दिलेलं मलम त्यावर लावलं. काका चकाकायला लागले.

"आज राहू दे," आरशात बघून ते म्हणाले. त्या दिवशी भावोजींच्या गावी पोचायचं होतं. "असं तोंड घेऊन कसा जाऊ? परत नागोयाला फिरू या."

मला वाटलं, झालं, हा माणूस पुन्हा बेसमेंटमध्ये उतरला. मी काहीतरी जहाल बोलणार होते. काकू आधी बोलल्या.

"तुम्हाला तोंडच दाखवायचं नव्हतं ना त्यांना? मग उलट बरं आहे. हे तुमचं तोंड नाहीच. चला."

काका गाडीत बसले. त्या दिवशी वळणावर कोणी "राइट" ओरडलं नाही.

गाव चढावर होतं. घराघराच्या पडवीत सोललेली पर्सिमन दोरीला बांधून वाळत घातली होती. झेंडूच्या माळांनी घरं सजवावीत तशी नारिंगी झाली होती. भावोजींच्या घराला कुंपण नव्हतं, दारही बंद नव्हतं. ते अंगणात खोक्यांमध्ये बसून फळं निवडत होते. केस पार पांढरे झालेले. आधी त्यांना काकू दिसल्या.

"वहिनी!" ते उठले. मग माझ्याकडे बघून मान लववली. मग काकांकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "आणि हे कोण?"

काका पुढे झाले. तेलाने चमकणारा तो गोळा उन्हात आणखीच चमकला. "मी," ते म्हणाले.

भावोजी हसले नाहीत. आत जाऊन गार पाण्यात बुडवलेला टॉवेल घेऊन आले आणि काकांच्या हातात दिला. मग स्वतःच्या जागी बसले आणि पुन्हा फळं निवडायला लागले. बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. काकूंनी माझा दंड धरून मला पडवीच्या कडेला बसवलं. काका टॉवेल घेऊन उभेच.

थोड्या वेळाने भावोजींनी एक भरलेलं खोकं पायाने त्यांच्याकडे सरकवलं. "तपास," ते इंग्रजीत म्हणाले.

काका उकिडवे बसले. एकेक फळ उलटं करायला लागले. मी मनात म्हणत होते, काका, आजचा एक दिवस. एकदाच सगळं ओके म्हणा. मी, इचलकरंजीची, पत्रकांवर वाढलेली, मनातल्या मनात त्यांना खोटं बोलायला सांगत होते. काकांनी एक फळ बाजूला ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. "बुडाशी मऊ आहेत," ते म्हणाले. "वाळताना बुरशी धरेल. रिजेक्ट."

काकूंनी सुस्कारा सोडला.

भावोजींनी ती तिन्ही फळं उचलली, दाबून पाहिली आणि मान हलवली. मग काकांनी पास केलेल्या ढिगात हात घालून आणखी एक फळ काढलं आणि देठाकडची बाजू काकांच्या सुजलेल्या डोळ्यांसमोर धरली. तिथे केसासारखी चीर होती.

"ही सुटली तुझ्याकडून."

"माझे डोळे सुजलेत," काका म्हणाले.

"मालाला त्याचं काय?" भावोजींनी ते चौथं फळ त्या तिघांशेजारी ठेवलं.

काका मग खाली मान घालूनच म्हणाले, "त्या दिवशी मी घरातच होतो. मी वर यायला हवं होतं."

"हो," भावोजी म्हणाले. "यायला हवं होतं."

त्यांनी ना हात पुढे केला, ना जाऊ दे म्हटलं. दुसरं खोकं ओढलं आणि दोघांच्या मधोमध ठेवलं. काकांनी त्यातलं पहिलंच फळ बाजूला काढलं. भावोजींनी ते परत आत टाकलं.

"हे चालेल."

"कसं चालेल? डाग बघ."

"डाग वरचा आहे. आत काही नाही."

"तू आत जाऊन आलास?"

"तू आलास?"

आवाज चढत गेले. एकाचं इंग्रजी रत्नागिरीचं, दुसऱ्याचं नागोयाचं. फळ या हातातून त्या हातात जात होतं. आतून भावोजींची बायको दारात येऊन बघायला लागली. काकूंनी तिला हसून नमस्कार केला, मेतकुटाचा डबा तिच्या हातात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"आता हे काही लवकर आवरत नाहीत," त्या म्हणाल्या. "जा, गाडीतून बॅगा काढ."